बाबांचा डोळा बदलून का नाही घेतला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत बहुतेक सगळ्यांचं विचारून झालंय म्हणून, एकदाच नीट लिहिते. “मॅडम, तुम्ही कॉलेजात डोळाच शिकवता. एवढे लोक नेत्रदान करतात. मग काकांना डोळा का नाही बसवला?”

नेत्रदानातून रुग्णाला बसवतात ते पारपटल, डोळ्याची पुढची काच. बाबांची काच स्वच्छ आहे. मागच्या पडद्यातल्या, म्हणजे दृष्टिपटलातल्या, उजेड टिपणाऱ्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशीही शाबूत आहेत. खिडकीतलं ऊन आजही ह्या पेशींना कळतं. ते त्या पुढच्या बायपोलर पेशींना सांगतात, हॉरिझॉन्टल आणि अ‍ॅमाक्राइन पेशी आडव्या जोडण्यांतून त्या निरोपावर हात फिरवतात, आणि तो गँग्लियन पेशींपाशी येतो. मेंदूकडे जाणारे तंतू फक्त ह्या पेशींचे, एका डोळ्यात दहा-बारा लाख. बाबांना काचबिंदू झाला, आणि काचबिंदूत ह्याच मरतात. अख्खा डोळा बदलला तरी एवढे तंतू पुन्हा मेंदूपर्यंत कोण नेणार?

बेडकात ते आपोआप होतं. १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने बेडकाची दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, कापून डोळा उलटा फिरवला. तंतू पुन्हा वाढले आणि मेंदूतल्या आपापल्या जुन्या जागी जाऊन पोचले. बेडकाला दिसू लागलं, पण उलटं: माशी वर, तर जीभ खाली. सस्तन प्राण्यांत तंतू असे वाढून येत नाहीत. हे शिकवताना दरवर्षी मनात येतं, बाबांना उलटं दिसलं असतं तरी चाललं असतं.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. बाबा दाराच्या डाव्या चौकटीला धडकायला लागले, तेव्हा मीच म्हणाले, “मोतीबिंदू असेल, पिकू द्या.” बडकस चौकात डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसली नाही, तरी मी तेच म्हणत राहिले. सगळे तेच म्हणत होते. काचबिंदू बहुधा दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि रिकामी जागा मेंदू भरून काढतो. बाबांना स्वतःलाच पत्ता नव्हता. हे सगळं खरं आहे. पण हेच मी बी.एस्सी.च्या पोरांना सांगत होते, हेही खरं.

मग दवाखान्यातली ती अंधारी खोली. मे महिना, कूलरची घरघर. बाबांनी नजरेचा घेर तपासणाऱ्या मशीनवर हनुवटी टेकवली, हातात बटण. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कुठेही उजेड चमकला की दाबायचं. मी तंत्रज्ञाच्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होते. उजेड येत होता, जात होता. बाबांचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला. किती वेळ गेला, मोजला नाही. मग मान न हलवता त्यांनी विचारलं, “अवं पोरी, चालू नाही झालं का अजून?”

अर्धी तपासणी झाली होती. मी म्हणाले, “होतंय, बाबा.”

त्या दिवसापर्यंत मी गँग्लियन पेशी एका वाक्यात संपवायचे: ‘मेंदूकडे निरोप नेणारी वायर.’ पुस्तकात तेवढंच होतं, असं तेव्हाची मी अजून सांगते. पण ती वायर नाही. उंदरात त्यांचे चाळीसहून जास्त प्रकार सापडलेत. एक प्रकार ठराविक दिशेने सरकणाऱ्या वस्तूलाच दाद देतो, तर एकात मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य असतं, तो स्वतःच उजेड ओळखून शरीराचं घड्याळ लावतो. बाबांच्या डोळ्यातून सायकल गेली, ती ह्यांच्याबरोबर गेली. दाब उतरवणारे थेंब दोन वर्षं आधी सुरू झाले असते तर? थेंब उरलेल्या पेशी वाचवतात, गेलेल्या आणत नाहीत. तेव्हा किती उरल्या होत्या, ह्याचा हिशेब मी अजून करते आणि दर वेळी वेगळा येतो.

हा आजार घरात चालतो, म्हणून दरवर्षी मीही त्या मशीनसमोर बसते. काही ठिपके मुद्दाम इतके मंद असतात की निरोगी डोळ्यालाही दिसत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मध्येच बराच वेळ काही चमकत नाही, आणि चालू आहे ना, असं विचारायची माझी हिंमत होत नाही.