आधी मिस्त्री, मग दुकान

आमच्याकडे टीव्ही बिघडला की पहिली बातमी आईकडून येते. त्या दिवशी मी मार्केट यार्डातून येऊन चप्पल काढतोय तोवर ती म्हणाली, "अरे, माणसं बोलायलीत, पण दिसंनात."

आवाज खणखणीत, पडदा काळा. मिरज रोडला आमचे एक ओळखीचे टीव्ही मिस्त्री आहेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "खोलीतला दिवा घालवा आणि मोबाईलचा टॉर्च काचेला टेकवून बघा." बघितलं. उजेडाच्या त्या वाटीएवढ्या गोलात मालिकेतली सून पदरानं डोळे पुसत होती. म्हणजे चित्र येत होतं, मागचा उजेड तेवढा गेला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पलंगावर चादर टाकून टीव्ही उघडला. मी पंचवीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे, टीव्हीतलं मला काही कळत नाही. पण त्या दिवशी मांडी घालून शेजारीच बसलो. आत पांढऱ्या कागदासारखे दोन-तीन पापुद्रे, त्याखाली पट्ट्या, पट्ट्यांवर शर्टाच्या बटणाएवढी भिंगं. प्रत्येक भिंगाखाली एक दिवा. त्यातला एकच काळा पडला होता. पण गणपतीतल्या जुन्या माळेसारखं, एक गेला की सगळी ओळ बंद. एलईडी टीव्ही म्हणून आपण जो घेतो तो मुळात एलसीडीच असतो, एलईडी असतो तो हा मागचा उजेड, हेही मला तेव्हाच कळलं.

"बॅकलाइट शंभरावर ठेवलाय तुम्ही," मिस्त्री म्हणाले. "दुकानात असतो तसाच. घरात साठ बास होतो. बिचारे किती दिवस जळणार?"

पट्ट्या बदलल्या, आठ महिने चालला. मग गेल्या जुलैत पडद्यावर उभ्या रेघा आल्या. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं, की पॅनेल, म्हणजे पडद्याची काच, शिल्लक नाही, मागवलं तर जवळजवळ नव्या टीव्हीएवढे पैसे. कंपनीचं नाव लिहीत नाही. चूक माझीही होती, कारण तो टीव्ही मी २०१९च्या दिवाळीत, महापुरानंतर, फक्त किंमत बघून उचलला होता.

त्याच्या आधीच्या टीव्हीची गोष्ट वेगळीच. ऑगस्ट २०१९. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या दारात पाणी यायच्या आधी टेम्पो मिळाला, त्यात गाद्या टाकल्या, गादीवर टीव्ही आडवा ठेवला, वर गोधडी. किती जपून! विश्रामबागला मेहुण्याकडे उतरवला तर काचेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. पाण्याचा थेंब लागला नव्हता. पातळ टीव्ही आडवा न्यायचा नसतो, उभाच न्यायचा असतो, हे मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. उतरवून झाल्यावर.

तर या खेपेला ठरवलं, आधी मिस्त्रीला विचारायचं, मग दुकानाची पायरी चढायची. मी त्यांना सरळ विचारलं, "तुमच्याकडं कुठल्या कंपनीचा टीव्ही दुरुस्तीला येत नाही?" ते हसले. "येतात सगळेच की ओ. कुठला येत नाही ते विचारू नका, कशाचे पार्ट मिळतात ते विचारा."

मग मी एका रविवारी वही घेऊन बसलो. मनात असलेल्या चार कंपन्यांच्या कस्टमर केअरला फोन लावले. टीव्ही घ्यायचाय असं सांगितलंच नाही. म्हटलं, टीव्ही बंद पडलाय, पिनकोड ४१६४१६, माणूस कधी येईल? एकीनं सांगलीतल्याच सेंटरचा पत्ता दिला. दुसरीचा माणूस मिरजेहून येणार होता, हरकत नाही. तिसरीचा कोल्हापूरहून, "तिकडचे कॉल जमले की". चौथीनं पंधरा मिनिटं गाणं ऐकवलं. वहीत दोन नावं उरली. माझ्या मते टीव्ही निवडण्याचं निम्मं काम तिथंच झालं, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

आकाराचा वाद घरात झाला. मुलीला ५५ इंची हवा होता. आमची बैठकीची खोली दहा फुटी, कॉटवरून भिंतीपर्यंत धरून आठ फूट. मी ४३ इंचाच्या मापाचा, म्हणजे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच असा, वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीला चिकटवला. चार दिवस सगळे त्या कागदाकडं बघत जेवले. वाद मिटला.

दुकानात मात्र लबाडी चालते, म्हणजे डोळ्यांची. सगळे टीव्ही 'व्हिव्हिड'वर, म्हणजे भडक रंगांवर, आणि चालू काय, तर रंगीत पोपट नाहीतर समुद्र. पोपट कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो. मी पेन ड्राइव्हमध्ये दोन गोष्टी नेल्या होत्या. एक, कृष्णेच्या घाटावर तिन्हीसांजेला मोबाईलवर काढलेला व्हिडिओ. दुसरा, मुलीनं बनवून दिलेला नुसता राखाडी रंगाचा फोटो. पहिल्या दुकानात "तसलं लावता येत नाही" म्हणाले. दुसऱ्यात पोरानं काही न बोलता लावलं. राखाडी फोटोत एका टीव्हीच्या कडा ढगाळ दिसल्या, पोपटात त्या दिसल्या नव्हत्या. घाटाच्या व्हिडिओत एकावर पायऱ्या मोजता येत होत्या, दुसऱ्यावर सगळा काळा चिखल.

आणि आईची जागा. ती देवघराच्या उंबऱ्याजवळ, अगदी तिरकी बसते, पन्नास वर्षं तिथंच. मिस्त्रींनी सांगितलं होतं की पॅनेल दोन जातींचे असतात. व्हीए समोरून झकास, अंधार गडद दाखवतो, पण बाजूनं फिका पडतो. आयपीएसचा काळा रंग जरा राखी, पण कुठूनही बसा. दुकानातल्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या आईच्या कोनात मी फरशीवरच जाऊन बसलो. सौ. म्हणाली, "उठा, लोक बघायलेत." बघू देत. ज्या टीव्हीवर घाट मस्त दिसला होता, तोच तिथून फिका दिसत होता. मी दुसरा पसंत केला. (एकाच मॉडेलमध्येही कधी कधी वेगवेगळे पॅनेल असतात, म्हणून मॉडेल नंबर विचारू नका. आपल्या जागेवरून बघा.)

घाई केली नाही त्याचा एक फायदा झाला. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ला, ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत २५ हजार धरली तर ३२ हजारांचा टीव्ही साडेएकोणतीस हजारांना. दसऱ्याला आणला. वाचलेल्या पैशांत वॉरंटी वाढवली, पण कागद दोनदा वाचून. दुकानदार जी वॉरंटी आधी पुढं करत होता ती कंपनीची नव्हतीच, भलत्याच संस्थेची होती, आणि तिच्यात पॅनेलचा उल्लेख नव्हता. कंपनीची मागितल्यावर ती निघाली.

स्मार्टपणाकडं मी फारसं लक्ष दिलं नाही. रॅम दोन जीबी आहे एवढं बघितलं. पुढं मंदावला तर मागं इंटरनेटवरचं दाखवणारी स्टिक लावता येते, काच मात्र बदलता येत नाही.

बसवायला आलेल्या पोरासमोरच बॅकलाइट साठावर आणला. वळवाचं आभाळ आलं की नुसता प्लग काढायचा नाही, डिशची वायरही काढायची, हे आईला शिकवलंय. शेजाऱ्यांचा टीव्ही मे महिन्यात त्या वायरीतूनच गेला होता, प्लग काढलेला असून.

खोकं मी माळ्यावर ठेवलंय, थर्माकोलसकट, उभं. दिवाळीच्या साफसफाईत सौ.नं दोनदा भंगारवाल्याला हाक मारली, दोनदा मी परत चढवलं. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण छापलेला आहे. त्याच्या शेजारी मी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय: आडवं करू नये.