तुटलेलं कपलिंग

पहाटे अवशेषांपाशी पोहोचलो तेव्हाही ढग खालीच होते. चार आसनी, एका इंजिनाचं विमान, रात्री पावसाळी ढगात शिरलेलं. जमिनीत पडलेल्या पहिल्याच चरात डाव्या पंखटोकाच्या दिव्याची तांबडी काच सापडली, म्हणजे डावा पंख आधी टेकला. नाक, शेपूट, दोन्ही पंखटोकं आसपासच मिळाली. हवेत काही तुटलं नव्हतं. प्रोपेलरची पाती इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, त्यांवर आडवे ओरखडे. म्हणजे इंजिन जोरात चालू होतं.

हवा ओढून काही उपकरणं चालवणारा व्हॅक्यूम पंप काढला तर त्याला इंजिनाशी जोडणारं प्लास्टिकचं कपलिंग तुटलेलं. 'पंप गेला, कृत्रिम क्षितिज गेलं,' असं लगेच कुणीतरी म्हणालं. ढगात विमान किती कललंय हे दाखवणारं उपकरण तेच, आणि ते याच पंपावर चालतं. पटण्यासारखंच होतं. पण हे कपलिंग मुद्दाम नाजूक ठेवतात, पंप अडकला तर इंजिनाचे गिअर वाचावेत म्हणून. इंजिन आपटून एका झटक्यात थांबलं तरी ते तुटतं.

पंप उघडला. ग्राफाइटचा रोटर, म्हणजे फिरता भाग, अखंड; त्याची पाती झिजलेली नाहीत. मग क्षितिजाचा जायरो, म्हणजे त्यातलं वेगाने फिरणारं चाक: रोटरवर आणि आतल्या घरावर गोल ओरखडे, म्हणजे आदळताना तो फिरत होता. एवढ्यावर मात्र निकाल देता येत नाही. हवा बंद पडल्यावरही जायरो काही मिनिटं फिरत राहतो, हळूहळू कलतो आणि वैमानिकाला खोटं क्षितिज दाखवतो. खरा पुरावा पंपाची ओढ मोजणाऱ्या सक्शन गेजने दिला. सूक्ष्मदर्शकाखाली तबकडीवर काटा आपटल्याची खूण पाऱ्याच्या ५ इंचांजवळ दिसली, साधारण ४.५ ते ५.५ इंच असावं लागतं. पंप शेवटपर्यंत ओढत होता.

उरलेलं रडारच्या नोंदीत होतं. डावीकडे अगदी सावकाश वळण, मग उतरण्याचा वेग वाढत गेलेला. सेकंदाला साधारण २ अंशांपेक्षा हळू कललं तर कानातल्या द्रवाला ते कळत नाही, आणि एकसारखं वळण २० सेकंदांच्या आसपास टिकलं की वळतोय ही जाणीवही विरते. बाहेर दिवे नाहीत, क्षितिज नाही. उंची घटताना दिसली की हात स्टिक मागे ओढतो. पंख कललेले असताना त्याने नाक वर येत नाही, वळणच आवळत जातं. आधी पंख सपाट करायचे, मग नाक उचलायचं. हा क्रम इथे उलटला असावा.

अहवालात कपलिंगपुढे लिहिलं: आघाताने तुटलं.