तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत नवऱ्याचा मार सोसणाऱ्या मुलीला व्हिसा नाकारला तर कोर्टात का जात नाही?

कॅलिफोर्नियात मी घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी दुभाषी म्हणून काम करते. पुण्याहून, नाशिकहून त्यांचे आईवडील फोन करतात आणि हे हमखास विचारतात.

कोर्टात जाता येतं. पण तिथे काय तपासतात, ते आधी ऐका.

एच-४ वर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून आलेल्या मुलीचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर तिला बहुतेक वेळा २००० सालच्या कायद्याने आलेल्या यू व्हिसाचाच आधार असतो. गुन्ह्यामुळे गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा झाली आणि पोलिसांना मदत केली, अशांसाठी तो आहे. वर्षाला फक्त १०,००० मिळतात, म्हणून रांग कित्येक वर्षांची. शिवाय तिने मदत केली या दाखल्यावर पोलिसांची किंवा सरकारी वकिलाची सही लागते, तीही अर्जाआधीच्या सहा महिन्यांतली. केंद्रीय कायदा त्यांच्यावर सहीची सक्ती करत नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून केली, हे फार मोलाचं.

निर्णय होतो तो कागदांवर. अधिकारी मुलीला बघतही नाही, आणि याचा मला मनस्वी राग येतो. कारण घरी आलेल्या पोलिसाशी इंग्रजीत बोलतो तो नवरा! रिपोर्टात उतरतं, ‘नवराबायकोत बाचाबाची’. मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळांचा उल्लेखही नसतो.

अर्ज फेटाळला, की आधी इमिग्रेशन खात्याच्याच अपील कार्यालयात दाद मागता येते. त्यानंतर फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्ट. यू व्हिसाचा नकार कोर्टात तपासता येतो, असं आमच्या भागातल्या केंद्रीय अपील न्यायालयाने, म्हणजे नवव्या सर्किटने, २०१९ मध्ये ठरवलं. पण न्यायाधीश व्हिसा देत नाहीत. कायदा नीट लावला का, पुरावा डावलला का, एवढंच बघतात आणि चूक दिसली तर प्रकरण परत पाठवतात. तेही फाइलीत जे आहे त्यावरूनच. फाइलीत नसलेला वळ कोर्टालाही दिसत नाही.

म्हणून वकिलाच्या आधी तुमचा फोन बघा. रात्री-अपरात्री तिने पाठवलेले फोटो, रडत केलेले व्हॉइस मेसेज पुसू नका. मराठीत असले तरी चालतात, इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. आणि तिला सांगा: पोलीस आले की नवऱ्याला बोलू न देता दुभाषी मागायचा.