आमची वाटचाल: तुरटीच्या लाद्यांपासून

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा आम्ही फक्त पंप दुरुस्त करायचो. पुढचा महिनाभर भिजलेल्या मोटारी उघडून वाळवल्या. त्यातल्या दोन पूर्व उपनगरातल्या एका लहान सांडपाणी प्रकल्पाच्या होत्या. त्या बसवायला गेलो आणि आमच्या धंद्याची दिशाच बदलली: पंप दुरुस्तीवरून सांडपाण्यात औषध मोजून सोडण्याच्या कामाकडे.

तिथे गढूळपणा खाली बसवायला हौदात तुरटीच्या लाद्या टाकून ते पाणी व्हॉल्व्हमधून चोवीस तास एकाच धारेने सोडत. पण मुंबईत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. त्यामुळे सांडपाण्याचाही लोंढा सकाळी येतो आणि मध्यरात्रीनंतर ते पार मंदावतं. सकाळी तुरटी कमी पडायची, गढूळ पाणी तसंच पुढे जायचं. रात्री ती जास्त व्हायची आणि पीएच घसरायचा, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकायचं, कारण तुरटी पाण्यातली अल्कता (आम्ल झेलायची ताकद) खाते. तिथले ऑपरेटर मामा म्हणाले, "शेठ, दुपारी येऊन काय बघता? सकाळी सातला या."

गेलो. सहा चंचुपात्रांत वेगवेगळा डोस घालून मिनिटभर जोरात ढवळायचं, वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास गाळ बसू द्यायचा. ही जार टेस्ट आम्ही दोन आठवडे रोज केली. मग तुरटीऐवजी तेच काम करणारं द्रवरूप पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घेतलं आणि डोसिंग पंप, म्हणजे औषध मोजून सोडणारा पंप, पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो मीटरला जोडला. पाणी वाढलं की डोस वाढतो, ओसरलं की कमी होतो. लिटरमागे 1 मिलिग्रॅमचा फरक दहा लाख लिटरला 1 किलो होतो, तेव्हा धार नेमकी असणं किती मोलाचं, ते मामांना आमच्याआधी कळलं होतं.

14 जुलै 2010 ला शिवडीच्या हाजी बंदरात जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसं इस्पितळात गेली. त्यानंतर आमच्या एका ग्राहकाने पाणी निर्जंतुक करायला क्लोरीनच्या सिलिंडरऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, म्हणजे हायपो, वापरायचं ठरवलं. काम आमच्याकडे आलं, आणि तिथे आमची चूक झाली. जागा वाचवायला आम्ही टाकी खाली आणि पंप वर ठेवला. हायपो उन्हाने, उकाड्याने विघटित होतो, त्यातून प्राणवायू सुटतो. एप्रिलमध्ये ते बुडबुडे पंपाच्या तोंडात अडकले. पंप टकटक चालत होता, पॅनेलवर हिरवा दिवा होता, आणि थेंबभर औषध जात नव्हतं. तीन रात्री पाणी निर्जंतुक न होता बाहेर गेलं. ते आठवलं की अजून झोप उडते.

सगळं स्वखर्चाने उलटं केलं: टाकी वर, सावलीत, पंप तिच्या तळाखाली, हवा सोडणारा व्हॉल्व्ह, आणि पंपापुढे फ्लो स्विच, म्हणजे औषध खरंच पुढे गेलं तरच दिवा हिरवा. साठाही आठवड्यापुरताच, कारण जुना हायपो कमजोर होतो.

तेव्हापासून कोटेशन देण्याआधी आम्ही तीन नमुने घेतो: सकाळी सातचा, दुपारचा आणि रात्री दोनचा. रात्रीचा नमुना घ्यायला मी स्वतः जातो. मामा निवृत्त झाले, पण नव्या मुलांना जार टेस्ट शिकवायला ते अजून आमच्या गाळ्यात येतात.