प्रोसेसर बदलला आणि डिस्प्ले गेला

विंडोज १० ची नियमित मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि २०१८-१९ च्या सुमारास घेतलेले कितीतरी घरगुती संगणक एकदम जुने ठरले. ताईकडचा संगणक त्यांपैकीच एक. त्यातला रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पण मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा, म्हणजे एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची खोबण; दोन्ही प्रोसेसरना तीच लागते) असल्याने त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवायचे ठरले. दुकानदाराने तो बसवला, पंखे फिरले, पण डिस्प्ले काही आला नाही, आणि ‘बोर्ड उडाला, नवा घ्या’ असा निकाल तिथल्या तिथे लागला.

मला हा निकाल घाईचा वाटला. बऱ्याच बोर्डांच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणे) असे चार बारीक दिवे असतात. सुरू होताना संगणक या टप्प्यांतून जातो आणि जिथे अडतो, तिथला दिवा लागून राहतो. नवी रॅम घातल्यावर डीरॅमचा दिवा काही वेळ लागलेला दिसला, तर घाबरून वीज बंद करू नये, कारण बोर्ड त्या वेळी रॅमचा वेग जुळवून पाहत असतो. ताईच्या बोर्डावर मात्र सीपीयूचा दिवा लागलेला होता, आणि तो विझायचे नाव घेत नव्हता.

याचे कारण साधे होते. रायझन ५ ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये, आणि बोर्डातला बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम, त्याच्या कितीतरी आधीचा. जो प्रोसेसर निघालाच नव्हता, त्याची ओळख त्या बायोसला असणार कुठून? बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणती बायोस आवृत्ती लागते ते दिलेले असते, आणि पैसे मोजण्याआधी ते पाहणे हे विकणाऱ्याचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते. त्यामुळे फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर नसतानाही, बायोस बदलता येतो. इथे ते बटण नव्हते, म्हणून जुना प्रोसेसर परत बसवून बायोस अद्ययावत करावा लागला. (नशीब, तो अजून विकलेला नव्हता.) एएम४ प्रोसेसरच्या खालच्या बाजूला १३३१ नाजूक पिना असतात, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असली की कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवावा. आमच्या सुदैवाने पेस्ट ताजी होती.

नवा प्रोसेसर पुन्हा बसवला, सीपीयूचा दिवा विझला, आणि व्हीजीएचा लागला. २२००जी मध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, अंगचेच होते; ५६०० मध्ये ते मुळीच नाही. (५६००जी मध्ये आहे.) एक जुने ग्राफिक्स कार्ड घातले, तरी पडदा काळाच, कारण भाच्याने सवयीने एचडीएमआय केबल बोर्डाच्याच पोर्टला लावली होती. ती कार्डाला लावताच अक्षरे उमटली: प्रोसेसर नवा आहे, एफटीपीएम नव्याने सुरू करायचे का? (एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली, कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी तिजोरी.) इथे ‘वाय’ दाबण्यापूर्वी डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे माहितीला लावायचे कुलूप, आहे का, हे आठवावे. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवीच, नाहीतर डिस्कवरची माहिती बंद कुलपाआड राहील. ताईच्या संगणकावर बिटलॉकर नव्हते.

शेवटचा अडथळा बूटच्या दिव्याचा. बायोस बदलल्याने सगळ्या सेटिंग मूळ पदावर आल्या होत्या आणि सीएसएम (जुन्या पद्धतीच्या डिस्कवरून बूट करू देणारी सोय) बंद झाले होते. जुने विंडोज मात्र एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कवर होते, त्यामुळे बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नव्हती. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याची गरज नसते. सीएसएम तात्पुरते चालू केले, जुने विंडोज उघडले, फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, आणि मग विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या आज्ञेने आधी तपासणी व नंतर डिस्कचे जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर केले. त्यानंतर सीएसएम बंद, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅम चालू देणारी तपासणी) चालू. विंडोज ११ उतरवायला ताईकडच्या इंटरनेटने अख्खी दुपार घेतली, पण त्याला बोर्डाचा इलाज नव्हता.