कोवळ्या माल्टची वही: नोंद सातवी, आणि तिसरा रकाना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की, जानेवारीच्या व्हिस्की-चाखणीचा निकाल लागला की टाकतो. निकाल इतका लाजिरवाणा होता की सहा महिने टाकलाच नाही. आता जुलै संपत आला, दुसरी फेरीही झाली, म्हणून दोन्ही एकत्र.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी, महिन्याच्या चौथ्या शनिवारी, तीन जण. मी, निवृत्त रसायनाचे मास्तर, आणि दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षबागाईतदार मित्र. तिघांचेही परवाने आहेत, आणि पंचविशी कधीच ओलांडलेली आहे. विषय एकच: कमी वयाच्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्की. बारा-अठरा वर्षांच्या बाटल्यांवर लिहिणारे भरपूर आहेत, शिवाय त्या परवडतही नाहीत.

जानेवारीचे पाच ग्लास असे होते: पॉल जॉन ब्रिलियन्स (४६ टक्के अल्कोहोल, गोवा, पीटचा म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा धूर नाही), इंद्री त्रिणी (४६, हरियाणा), लाँगिट्यूड ७७ (४२.८, आपल्या दिंडोरीची), अमृत फ्यूजन (५०, बंगळूर) आणि आर्डबेग वी बीस्टी (४७.४, स्कॉटलंडचं आयला बेट). पाचांपैकी फक्त वी बीस्टीवर वय छापलेलं आहे, पाच वर्षं. बाकीच्यांवर नाही. स्कॉटलंडात तीन वर्षं ओकच्या लाकडात, सातशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या कास्कमध्ये, म्हणजे पिंपात, राहिल्याशिवाय तिला व्हिस्कीच म्हणता येत नाही. त्या हिशेबाने पाच म्हणजे नुकती पायावर उभी राहिलेली.

प्रत्येक ग्लासात पंधरा मिलिलिटर. ग्लासाच्या बुडाला नंबर चिकटवण्याचं काम हिच्याकडे. ही स्वतः थेंबही घेत नाही, पण तिचं नाक आमच्या तिघांपेक्षा तेज आहे, हे पुढे येईलच. प्रश्न सोपा ठेवला होता: ही थंड मुलुखात मुरली की गरम? पाच ग्लास, तीन माणसं, पंधरा उत्तरं. बरोबर आली आठ. नाणं उडवलं असतं तरी इतकी आली असती.

त्यातही बागाईतदाराने कहर केला. लाँगिट्यूड ७७ हुंगून त्याने शांतपणे "स्कॉटलंड" लिहिलं. ग्लास उलटून नंबर पाहिला तेव्हा मास्तर म्हणाले, "अहो, तुमच्या शिवारातनं चालत जाता येईल हो तिथं!" त्यावर याचं उत्तर तयार होतं: "नाव तरी कुठं गावचं आहे? सत्त्याहत्तर रेखांश दिंडोरीवरनं जातो का?" मुद्दा बरोबर आहे, नाशिक चौऱ्याहत्तरच्याही अलीकडे आहे, तो सत्त्याहत्तर काश्मीरपासून खाली देशभर जाणाऱ्या रेषेचा. पण त्याच्या चुकीमागे कारण होतं आणि ते मला नंतर उमगलं. ही पाचांतली सर्वांत सौम्य, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या बॅरलनंतर वाइनच्या कास्कमध्ये ठेवलेली. सौम्य म्हणजे थंड देशातली, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. आम्ही मुलूख ओळखत नव्हतो, तिखटपणा मोजत होतो.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. त्या दिवशी सकाळी मी मिसळ खाल्ली होती, वर तर्री मागून घेऊन. चाखणी संध्याकाळची, म्हणून मनावर घेतलं नाही. संध्याकाळी सहा वाजता जिभेचा मागचा भाग अजून रागावलेलाच होता आणि पाचही ग्लासांत मला "मिरी" सापडली. माझ्या पाच उत्तरांपैकी दोनच बरोबर होती. आता चाखणीच्या दिवशी वरण-भात. बागाईतदाराचीही वेगळी अडचण: हंगामात फवारणी करून आला की हाताला औषधाचा वास असतो आणि ग्लास नाकाशी नेला की तोच आधी येतो. त्याला साबणाने नाही, ओल्या मातीने हात धुवायला लावलं. साबणाचा वास औषधाहून वाईट.

एप्रिल-मे

खरड छाटणीमुळे बागाईतदार नव्हता. मास्तर आणि मी दोघांनीच एक छोटा प्रयोग केला. जानेवारीत खोलीत सोळा अंश होते, मेमध्ये पस्तीस. तीच फ्यूजन, तोच ग्लास. पस्तीसला नाक आत घालवेना. नुसतं अल्कोहोल अंगावर येतं, मागचं काही कळत नाही. बर्फ टाकला तर वास आवळून बसतो. मग आईचं जुनं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढलं, त्यात माठातलं पाणी भरलं आणि बाटली अर्धा तास उभी केली. बावीस-तेवीस अंशांवर फ्यूजन पुन्हा बोलायला लागली: आधी भाजलेलं धान्य, मग संत्र्याची साल, आणि खाली हलका धूर. तो धूर स्कॉटलंडहून आणलेल्या पीटेड बार्लीचा. भारतीय बार्ली आणि ती बार्ली, दोन्हींची एकत्र म्हणून नाव फ्यूजन. उन्हाळ्यात नाशिक, जळगाव, नागपूरकडे चाखणी करणाऱ्यांनी थर्मामीटर जवळ ठेवा. आपल्या उन्हाळी नोंदी बऱ्याचदा व्हिस्कीच्या नसतात, खोलीच्या असतात. माझ्या गेल्या वर्षीच्या मेमधल्या तीन नोंदींवर मी काट मारली.

घंगाळ पाहून मास्तरांना विषय मिळाला. भट्टीचं भांडं तांब्याचंच का, तर तांबं गंधकाची संयुगं धरून ठेवतं. जे तिथे सुटतं ते बॅरलच्या आतला जळका कोळसा थोडंथोडं ओढतो. कमी वयाच्या काही बाटल्यांत उकडलेल्या कोबीचा किंवा विझवलेल्या काडीचा वास येतो तो हाच, अजून न गेलेला गंधक.

याच महिन्यात पॉल जॉनची बाटली वाया गेली. म्हणजे प्यायली गेली असती, तर वाया म्हटलं नसतं. तळाशी पाव उरली होती, जानेवारीपासून तशीच, वर सगळी हवा. जानेवारीत तिच्यात मध आणि पेरू होता, मेमध्ये नुसतं गोड पाणी. आता बाटली अर्ध्यावर आली की शंभर मिलिलिटरच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काचेच्या बाटल्या चालतात, पण झाकणाचं रबर आधी हुंगून घ्या.

तिसरा रकाना कसा आला

जूनमध्ये पाऊस पडला आणि बागाईतदार परतला. मास्तर फळ्याशिवाय बोलू शकत नाहीत, म्हणून माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला. स्कॉटलंडात बॅरलमधून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं. बंगळुरात दहा ते बारा. दोनशे लिटरचं बॅरल घ्या, अकरा टक्के धरा, पाच वर्षांनी उरतात एकशे बारा लिटर. तिकडे दोन टक्क्यांनी पाच वर्षांनी एकशे एक्क्याऐंशी.

बागाईतदार म्हणाला, "म्हणजे बेदाणाच की! चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. पाणी गेलं, गोडी राहिली."

मास्तर म्हणाले, "आटणं आणि मुरणं एक नव्हे. द्राक्ष आटलं की बेदाणा होतो, वाइन होत नाही."

मग त्यांनी लाकडाची तीन कामं सांगितली. एक, काढून घेणं, ते वर आलंच. दोन, देणं: लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास, अमेरिकन ओकमधलं खोबरं, टॅनिनचा तुरटपणा. तीन, आत येणाऱ्या हवेबरोबर हळूहळू होणारी देवाणघेवाण, ज्यातून फळांचे वास गोलाई घेतात. उष्णतेने दुसरं काम सपाट्याने होतं, तिसऱ्याला मात्र दिवस लागतात. म्हणून आपल्याकडची चार-पाच वर्षांची माल्ट लाकडाच्या बाबतीत वयस्क वाटते आणि आतला स्पिरिट अजून पोरसवदा असतो.

बागाईतदाराला हे बेदाण्यानेच समजलं. तेलात बुडवून सावलीत दोन आठवड्यांत वाळवलेला बेदाणा आणि नुसता उन्हात सोडलेला, दोन्ही बेदाणेच, पण रंग आणि चव वेगळी. "त्याला घाई झाली आहे, एवढंच," तो म्हणाला.

तोवर माझ्या वहीत दोनच रकाने होते, "तरुण" आणि "मुरलेली". तरुण म्हणजे जे जे आवडलं नाही ते सगळं. आता तीन केले. पहिला "कच्ची": कोबी, धातू, नाकात झिणझिण्या, हे दोष आहेत. दुसरा "कोवळी": हिरवं नासपती, सोललेला पेरू, ओलं धान्य, उसाच्या कांड्याचा ताजा रस. हा दोष नाही. दहा वर्षांनी यातलं बरंच जातं आणि ज्यांना तेच हवं असतं त्यांनी कमी वयाचीच बाटली घ्यावी. तिसरा "घाईची": वरून व्हॅनिला, खोबरं, पानातल्या कातासारखा तुरटपणा, आणि खाली मात्र तेच हिरवं नासपती शाबूत. घाईची म्हणजे वाईट असं नाही. इंद्री मला तिन्ही रकान्यांत सर्वांत ठामपणे तिसऱ्यात दिसते आणि तरीही दर वेळी पहिली संपते तीच. बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशा तीन लाकडांची आहे, त्यामुळे वरचा थर जाडच असणार.

इंद्रीचाच ग्लास हिने हुंगला होता. "अहो, हा तर दाढेला लावायच्या लवंगतेलाचा वास." मास्तर अक्षरशः उठून उभे राहिले. लवंगेत असतं ते युजेनॉल ओकमध्येही असतं आणि व्हिस्कीत उतरतं. आम्ही तिघांनी तिथे "मसालेदार" असं गुळमुळीत लिहिलं होतं. पॉल जॉनच्या ग्लासाला ती म्हणाली, सातूचं पीठ, दुधात कालवलेलं. बार्ली म्हणजे सातू, हे तिला सांगितलं तेव्हा तिने आमच्याकडे जसं पाहिलं ते वहीत लिहिता येत नाही. बाहेरच्या नोंदी वाचून मी दीड वर्ष "बिस्किटी" आणि "टॉफी" लिहीत बसलो होतो, आणि वास लहानपणी रोज सकाळी खाल्लेल्याचा होता.

जुलै

तेच पाच ग्लास, नवे नंबर. पंधरापैकी बारा बरोबर. मास्तरांनी लगेच उत्साहावर पाणी ओतलं: "बाटल्या आता ओळखीच्या झाल्या, याला ब्लाइंड, न बघता केलेली चाखणी, म्हणू नका." त्यांचं बरोबर आहे. म्हणून सहावा ग्लास ठेवला होता, जो फक्त हिला ठाऊक होता. भाच्याने परदेशातून येताना दोन लिटरच्या मर्यादेत एक बाटली आणली होती, किलहोमन माखीर बे. आयलावरचीच, पण २००५ मध्ये शेतावर सुरू झालेली भट्टी. त्यांची पहिली बाटली २००९ ला आली ती तीनच वर्षांची होती, आणि ते वय त्यांनी लपवलं नव्हतं.

तिघांनीही थंड मुलूख लिहिला. माझी नोंद जशीच्या तशी: "धूर भरपूर, पण लाकूड मागे. लिंबाची साल, ओली चूल, समुद्रावरचं मीठ, नासपती स्वच्छ. कोवळी. कात नाही." धूर होता म्हणून ओळखली, असं कुणी म्हणेल, पण फ्यूजनमध्येही धूर आहे आणि ती तिघांनी गरम मुलुखात टाकली. फरक तुरटपणात सापडला, नाकात नाही. गिळल्यावर मिनिटभराने हिरड्या आवळल्या की लाकूड जास्त, हे माझ्यापुरतं सर्वांत भरवशाचं लक्षण ठरलं.

मास्तरांनी भर घातली की, डॉ. जिम स्वान या एकाच सल्लागाराने अमृतलाही मदत केली होती आणि किलहोमनलाही. म्हणजे आमच्या टेबलावरचे दोन टोकाचे ग्लास एका अर्थी एकाच गुरूचे.

पाण्याचंही सांगतो. आयलाच्या दोन्ही ग्लासांत ड्रॉपरने सात-आठ थेंब घातले तेव्हा धूर वाढल्यासारखा वाटला. मला भास वाटत होता, पण २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर हेच दाखवलं होतं: पाणी घातलं की धुराच्या वासाचं ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे सरकतं. वी बीस्टीला पाणी मानवतं. लाँगिट्यूडला मुळीच नाही, आधीच ४२.८, चार थेंबांत तिची वाइनची बाजू विरघळून जाते. ती तशीच घ्यावी, जेवणाआधी, आणि बागाईतदाराच्या मते द्राक्षांबरोबर. (त्याच्या मते सगळंच द्राक्षांबरोबर.)

पुढची फेरी ऑक्टोबरमध्ये. रामपूर नावाची सिंगल माल्ट घ्यायची आहे, आणि वी बीस्टी तळाशी आली आहे, ती छोट्या बाटल्यांत भरायची आहे. बागाईतदार तेव्हा येणार नाही, गोडी छाटणी सुरू होईल. त्याच्या जागी हिने फक्त हुंगायला बसायचं कबूल केलं आहे, अट एकच: नंबर मास्तरांनी चिकटवायचे.