साखरेनं काढलेला नकाशा

आयर्लंडमधल्या कॉर्कहून बसनं निघालं की तासाभराच्या आत किन्सेल येतं. दुसरं किन्सेल कॅरिबियन समुद्रात, माँटसेराट बेटावर. तिथे आता कोणी राहत नाही. १९९५ साली सूफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला आणि बेटाचा दक्षिण भाग रिकामा करावा लागला. त्याच बेटावर कॉर्क हिल आहे, सेंट पॅट्रिक्स आहे, गॅलवेज आहे. (गॅलवेज हे नाव गॉलवे शहरावरून पडलेलं नाही. डेव्हिड गॅलवे नावाच्या आयरिश मळेवाल्यावरून पडलंय. मी बरेच दिवस शहरच समजत होते.)

दोन्ही किन्सेल एकाच तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायची, एवढं ठरवून मी हिवाळ्यात कामाला लागले. पहिला विचार, दोघांना एकच प्रमाण. फसला. माँटसेराट उण्यापुऱ्या १६ किलोमीटर लांबीचं. कॉर्क काउंटीशेजारी ठेवलं तर शाईचा थेंब सांडल्यासारखं दिसायला लागलं.

समोर विल्यम पेटीच्या डाउन सर्व्हेचे नकाशे होते. इंग्रज सेनापती क्रॉमवेलनं आयर्लंड जिंकल्यावर, १६५० च्या दशकात, सैनिकांच्या हातात साखळ्या देऊन केलेली ही जमीनमोजणी. कुठली जमीन पिकाऊ, कुठली नापीक, आधी कोणाची होती, सगळं टिपलेलं, म्हणजे कॅथलिकांकडून काढून सैनिकांना आणि सावकारांना वाटता यावी. १६४१ मध्ये सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, १७०३ पर्यंत १४ टक्के उरली. मी रेषा कोरत गेले आणि चित्र आपोआप 'बिचारे आयरिश' असं होत गेलं. इथून हाकललेले, तिथे पोचलेले.

शेजारच्या टेबलावर लिनो कापणारी मैत्रीण वाकून बघून म्हणाली, "बरं, आणि ऊस कोण तोडत होतं?"

मला राग आला, कारण उत्तर माहीत होतं. १६७८ च्या शिरगणतीत माँटसेराटवरच्या गोऱ्यांपैकी जवळपास ७० टक्के आयरिश होते. बरेचसे करारावर राबणारे, पण काही जण मळ्यांचे मालक. करार संपला की आयरिश नोकर मोकळा व्हायचा. आफ्रिकेतून आणलेल्या बाईची मोकळीक कुठल्याच तारखेला नव्हती, आणि तिचं मूल जन्मतःच मालकाचं. पुढच्या शतकात याच कॉर्कच्या बंदरातून खारवलेल्या गोमांसाची आणि लोण्याची पिंपं वेस्ट इंडीजला जायची. हे सगळं एकाच प्रकारच्या रेषेत काढणं म्हणजे खोटं बोलणं.

मग शुगर लिफ्ट. साखरेचा दाट पाक शाईत कालवून ब्रशनं पत्र्यावर चित्र काढायचं, चिकट वाळलं की वरून वॉर्निशचा पातळ थर. पत्रा गरम पाण्यात सोडला की आतली साखर फुगते, विरघळते आणि जाताना आपल्यावरचं वॉर्निश घेऊन जाते. तेवढंच तांबं उघडं पडतं. त्यावर राळेची पूड भाजून बसवायची आणि पत्रा तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये. आयर्लंडची बाजू सुईच्या रेषांची, मोजणीदाराची. माँटसेराट पूर्ण साखरेचं. वास मात्र चुलीवर पाक करपल्याचा, दिवसभर.

पहिला ठसा काढला तेव्हा प्लिमथ, बेटाचं जुनं मुख्य शहर, पश्चिम किनाऱ्यावरून उठून पूर्वेला गेलेलं. छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटतं, म्हणून आयर्लंड मी नीट उलटं उतरवलं होतं. बेट ब्रशनं हातासरशी काढलं आणि आरसा डोक्यात राहिलाच नाही. इतक्या वर्षांनी! पत्र्याचा तेवढा भाग घासून गुळगुळीत करायला आठवडा गेला.

दुसऱ्या खेपेला एक भर घातली. १७ मार्च १७६८, सेंट पॅट्रिकच्या, म्हणजे आयरिशांच्या, सणाला मळेवाले मौजेत असतील हे धरून गुलामांनी उठावाचा बेत केला होता. तो आधीच फुटला. नऊ जणांना फाशी दिलं. बेटाच्या गडद भागात मी वॉर्निशचे बारीक ठिपके दिले, तिथे फेरिक क्लोराईड लागत नाही. छापल्यावर तेवढाच कागद पांढरा राहतो.

ठसे दोरीवर वाळत होते तेव्हा एकानं जवळ जाऊन विचारलं, "इथे शाई नीट धरली नाही का?"

मोज, म्हटलं.



त्यानं बोट न लावता मोजले. नऊ.